एका सुट्या भागाचा इतिहास

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्राच्या जन्मतारखेपाशी रमतात. संगणक कोणी बनवला, देशात कधी आला, पहिला कोणाच्या कचेरीत बसला, एवढे नोंदले की प्रकरण संपते. एखाद्या जिल्ह्याच्या अंगाने पाहिले तर त्याहून मोलाचा प्रश्न निराळाच असतो: आलेले यंत्र किती वर्षे चालले, आणि कोणी, कशाच्या जोरावर चालवले? आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जाणारा अहमदनगर जिल्हा या प्रश्नासाठी चांगला आहे. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा; १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाटपाण्यावर वाढलेली ऊस-कारखान्यांची गावे, तर दक्षिणेला आणि पूर्वेला जामखेड, कर्जत, पाथर्डीसारखे पावसाकडे डोळे लावून बसणारे तालुके. म्हणजे पैसा खेळणारा मुलूख आणि हात आखडून खर्च करणारा मुलूख एकाच जिल्हा परिषदेखाली नांदतात. या जिल्ह्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव पाहता मला असे वाटते की इथे नवे तंत्र नव्या यंत्रावर बसून क्वचितच आले. जुन्या यंत्रात बसवता येईल अशा एखाद्या सुट्या भागाच्या रूपाने ते आले. थकलेल्या डेस्कटॉपमध्ये कमी पैशांत एखादा भाग बदलून त्याला पुन्हा कामाला लावणे हा या परंपरेचा ताजा अध्याय आहे, आणि तो समजून घ्यायचा तर आधी हातमागाकडे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकातले नगर हे लुगड्यांचे शहर होते. साळी, पद्मसाळी, कोष्टी यांचे माग घराघरांत, जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसवलेले असत. विणकर एका हाताने धोटा फेकी आणि दुसऱ्या हाताने तो झेली. कापडाचा पन्हा किती असावा हे त्याच्या हातांच्या लांबीवर ठरे. इंग्लंडात जॉन के याने दोरीच्या झटक्यासरशी धावणारा धोटा १७३३ साली काढला होता. तो आपल्याकडच्या सामान्य विणकराच्या मागावर मात्र विसाव्या शतकातच स्थिरावला. दरम्यान गिरणीचे कापड आणि १८९९-१९०० चा दुष्काळ या दोहोंनी विणकराची कंबर मोडली होती. नगरमध्ये १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने हस्तोद्योगाचे शिक्षण हाती घेतले होते. त्याच मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक सुधारित हातमाग तयार केला, आणि 'चर्चिल माग' या नावाने तो देशभरच्या हातमाग-चर्चांमध्ये गाजला. हा माग बुद्धिमान माणसाचे प्रामाणिक काम होते, यात शंका नाही. पण पश्चिम भारतातल्या विणकरांमध्ये पुढच्या दोन-तीन दशकांत जे खरोखर पसरले ते असे अख्खे नवे माग नव्हते. पसरला तो आपल्याच जुन्या मागावर बसवता येणारा धावता धोटा आणि त्याच्यासोबतचा नवा हात्या, म्हणजे आडवे सूत ठोकून बसवणारी चौकट.

याची कारणे आजही तंतोतंत लागू पडतात, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबू. अख्खा माग घ्यायला एकरकमी पैसा लागे, ठेवायला वेगळी जागा लागे आणि तो बिघडला तर त्याचा माणूस शोधावा लागे. हात्या गावच्या सुताराला बनवता येई. माग तोच, खड्डा तोच, हाताला बसलेली सवय बरीचशी तीच. बदलला तो नेमका वेग अडवून धरणारा भाग. ढोबळ मानाने विणीचा वेग दीडपट ते दुपटीच्या घरात गेला असे त्या काळचे जाणकार सांगत. आणि जिथे हा भाग उपयोगाचा नव्हता तिथे विणकरांनी तो घेतला नाही. दोन्ही काठ वेगळ्या रंगाचे आणि अंगात वेगळा रंग, असे तीन धोट्यांचे लुगडे विणायचे असेल तर झटक्याचा धोटा गैरसोयीचा ठरे. तिथे हाताने फेकण्याची पद्धत टिकली. विणकर सुधारणेला भीत होता असे सरकारी अहवालांतून पुष्कळदा सुचवले गेले. मला तो निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. कोणते काम करायचे आहे हे आधी पाहून त्याने भाग निवडला, आणि मर्यादित भांडवलाच्या माणसाला याहून शहाणपणाचा निर्णय घेता आला नसता.

दुसरी एक गोष्ट नगरपेक्षा इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगाव यांनी दाखवली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली चालू झाला, आणि पुढे या गावांत जे यंत्रमाग आले त्यांतले पुष्कळसे मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले होते. मोठ्या शहराची टाकाऊ यंत्रे हेच लहान शहराचे पहिले भांडवल ठरले. हा दुवा मनात ठेवला की पुढची गोष्ट सोपी होते.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या पीसीत पाच रिकाम्या खाचा होत्या. या खाचांमध्ये कोणीही बनवलेले कार्ड बसवता यावे म्हणून कंपनीने यंत्राची तांत्रिक पुस्तिका उघडपणे विकली. या दोन निर्णयांनी डेस्कटॉपचा स्वभाव ठरला. इतर कंपन्यांनी तसेच पीसी बनवले, भाग एकमेकांना चालू लागले आणि संगणक ही अखंड वस्तू न राहता जुळणी झाली. भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांच्या आयातीचा मार्ग मोकळा केला. त्याच्या आदल्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली होती, आणि नगर जिल्ह्याने या संधीचा फायदा किती झटकन घेतला ते पाहण्यासारखे आहे: लोणीचे प्रवरा, संगमनेरचे अमृतवाहिनी आणि कोपरगावचे संजीवनी ही तिन्ही महाविद्यालये १९८३ चीच. तिन्हींच्या मागे सहकारी साखर कारखान्यांभोवती उभे राहिलेले नेतृत्व होते. उसाच्या पैशातून ग्रामीण तालुक्यांत अशी मुले तयार झाली ज्यांना मदरबोर्ड उघडून पाहण्याची भीती वाटत नव्हती. जिल्ह्यातल्या संगणक-दुरुस्तीच्या धंद्याला पुढे जे मनुष्यबळ मिळाले त्याची पहिली रोपवाटिका मी इथे मानतो.

सुट्या भागाने काय साधते याचे त्या काळातले सर्वांत सुंदर उदाहरण मराठीशी जोडलेले आहे. ऐंशीच्या दशकातला पीसी इंग्रजीशिवाय काही जाणत नसे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्र एका कार्डाच्या रूपाने आले. पीसीच्या खाचेत ते कार्ड बसवले की डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी अक्षरे उमटू लागत. संगणक तोच, पडदा तोच, प्रोग्रॅमही बहुतांशी तोच. मराठीत नवा संगणक बनवण्याची वाट पाहत बसलो असतो तर आणखी दहा वर्षे गेली असती; विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय २००० सालानंतर रुळली. त्या मधल्या काळात मराठीत याद्या, पावत्या, पत्रे संगणकावर निघाली ती अशा जोडभागांच्या आणि नंतर श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या बळावर. खाच बंद असती तर मराठीला त्या यंत्रात शिरायला दारच नव्हते.

१९९१ नंतर आणि विशेषतः १९९७ मध्ये भारताने माहिती-तंत्रज्ञान कराराला मान्यता दिल्यावर सुट्या भागांवरची जकात उतरत गेली आणि २००५ पर्यंत बहुतेक भागांवर ती शून्यावर आली. याच दशकात 'असेंबल' हा धंदा जिल्ह्यात रुजला. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून येई. पुणे-नगर अंतर १२० किलोमीटर, सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी कॅबिनेट आणि खोक्यांसह परत. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव अशा बाजारपेठांतली दुकाने गिऱ्हाइकाच्या ऐपतीनुसार जुळणी करून देत. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झाले, पाठोपाठ त्याची एमएस-सीआयटी ही संगणक-साक्षरतेची परीक्षा आली आणि सरकारी नोकरीला हे प्रमाणपत्र लागू लागल्यावर तालुक्याच्या गावीच नव्हे तर मोठ्या खेड्यांतही केंद्रे उघडली. केंद्र चालवणाऱ्याचे गणित कडक होते: फी ठरलेली, विद्यार्थी हंगामी, आणि अभ्यासक्रमाबरोबर विंडोज बदलत जाई. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम पुरे, तर २००१ च्या एक्सपीला किमान ६४ एमबी. सहा वर्षांत सोळापट! प्रत्येक वेळी अख्खी लॅब बदलणे कोणालाही परवडले नसते. मोकळ्या स्लॉटमध्ये रॅमची एक पट्टी वाढवणे, मग जमले तर प्रोसेसर, आणि मदरबोर्ड अगदी नाइलाज झाला तरच, असा क्रम त्या काळात घट्ट झाला. या क्रमामागे हात्या निवडणाऱ्या विणकराचाच हिशोब आहे.

नगर जिल्ह्यातल्या डेस्कटॉपला पुण्या-मुंबईच्या डेस्कटॉपपेक्षा आणखी एक शत्रू होता, आणि तो म्हणजे वीज. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनात काढली. खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास अंधारात गेले. वीज जाणे एक वेळ सोसता येते, पण ती परत येतानाचा झटका आणि कमी-जास्त होणारा दाब यंत्राला मारतो. म्हणून इथल्या दुरुस्तीवाल्यांच्या हाती सर्वांत जास्त फिरलेला भाग म्हणजे एसएमपीएस, संगणकाला वीज वाटून देणारा डबा. त्यातच त्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर आलेले होते. १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभर हा दोष गाजला. वरून फुगलेले, पिवळसर द्रव गाळणारे कपॅसिटर ओळखायचे, ते डाग देऊन काढायचे आणि तेवढ्याच क्षमतेचे नवे बसवायचे, हे कौशल्य रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना आधीच येत होते. त्यांच्यातले कितीतरी जण त्यामुळेच संगणकाकडे वळले. अवर्षणी भागातली धूळ ही आणखी एक गोष्ट. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्या धुळीने बुजल्या की प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि मालकाला वाटते की यंत्र म्हातारे झाले. ब्लोअरने धूळ काढणे, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावणे आणि घड्याळ विसरणाऱ्या मदरबोर्डचा सीआर २०३२ सेल बदलणे, एवढ्याने संगणक सुधारतो. कमी पैशांतल्या सुधारणेची पहिली पायरी खरेदी नसून साफसफाई आहे, हे या भागातल्या कारागिरांना पुस्तकाविना कळले होते.

२००७ नंतर मात्र एक मोठा बदल झाला आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही असे मला वाटते. तोवर दर काही वर्षांनी सॉफ्टवेअरची भूक कित्येक पटींनी वाढत होती. २००९ च्या विंडोज ७ ची किमान गरज १ जीबी रॅमची होती. २०१५ च्या विंडोज १० ची ३२-बिट आवृत्तीसाठीची किमान गरजही १ जीबीच राहिली. प्रत्यक्षात ४ जीबीशिवाय काम सुखाने होत नसे हे खरे, तरी प्रोसेसरच्या बाबतीत दहा वर्षे जुने यंत्रही पुरेसे ठरू लागले. मग ते संथ का वाटे? कारण अडवणूक दुसरीकडे सरकली होती. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येण्यासाठी सरासरी त्याच्या निम्मा वेळ, आणि सुई तिथवर सरकायला वर आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या लहान लहान फाइली वाचताना ही डिस्क सेकंदाला ७५ ते १०० वेळाच उत्तर देऊ शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो मागण्या करते. फिरणारा भाग नसलेली एसएसडी त्याच मागण्या सेकंदाला दहा हजारांच्या पटीत पुरवते. त्यामुळे २०१० च्या आसपासच्या यंत्रात एसएसडी बसवली की कित्येक मिनिटांचे सुरू होणे अर्ध्या-पाऊण मिनिटावर आले, आणि २०२० नंतर २४०-२५६ जीबीची एसएसडी दोन हजार रुपयांच्या आसपास मिळू लागल्यावर तालुक्याच्या दुकानांत हेच सर्वांत खात्रीचे काम झाले. धावत्या धोट्यानंतर इतक्या थोड्या पैशांत इतका फरक पाडणारा दुसरा सुटा भाग मला तरी सांगता येणार नाही.

यंत्र म्हातारे झाले हे ठरवते कोण, हा प्रश्न इथे मध्यभागी येतो. नगर जिल्हा पतसंस्थांचा जिल्हा आहे. त्यांतल्या अनेकांचे हिशोब वर्षानुवर्षे डॉसवर, फॉक्सप्रोत लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालले आणि पासबुके डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापली गेली. त्या प्रिंटरला लागणारे जाड जोडणीचे पोर्ट नव्या मदरबोर्डांवरून नाहीसे झाले. म्हणून जुना संगणक जपणे ही तिथे धंद्याची गरज होती, कंजूषपणा नव्हे. पत्रिका आणि हँडबिले करणाऱ्या डीटीपीवाल्यांचेही तेच. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि श्रीलिपीच्या जुन्या आवृत्त्यांचे कुलूप त्याच पोर्टला लागायचे. या लोकांच्या लेखी पंधरा वर्षांचे यंत्र तरुण होते. उलट शाळांमध्ये काय झाले ते पाहावे. केंद्राच्या आयसीटी योजनेखाली राज्यातल्या माध्यमिक शाळांना कंत्राटदारांमार्फत संगणक कक्ष मिळाले. करार पाच वर्षांचा, नंतर यंत्रे शाळेची. करार संपला तेव्हा यंत्रे वर्गात राहिली आणि संगणक शिकवणारा कंत्राटी शिक्षक गेला. त्यांतली अनेक यंत्रे थोड्या खर्चात सुधारण्याजोगी होती, पण झाकण उघडणारे कोणी उरले नव्हते. म्हणून वर्षांवरून यंत्राचे वय मोजणे मला चुकीचे वाटते. पतसंस्थेत काम ठरलेले होते आणि माणूस होता, तिथे यंत्र जगले. शाळेत माणूस गेला आणि यंत्र गतप्राण झाले.

या सगळ्यावर पहिला आक्षेप हिशोबाचा असतो. आज रॅम, उद्या एसएमपीएस, परवा मदरबोर्ड, असे करत नव्या यंत्राइतका पैसा जुन्यात जातो, असे अनेकांचे म्हणणे आहे आणि अनुभवाने ते बरेचसे खरेही आहे. पण ही चूक सुधारणेची नसून भागाच्या निवडीची असते. काही भाग पुढच्या यंत्रात बरोबर येतात: एसएसडी, चांगला एसएमपीएस, मॉनिटर, कीबोर्ड. काही भाग यंत्राबरोबरच संपतात: रॅमच्या पट्ट्या आणि प्रोसेसर. डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, आणि जुन्या जातीची रॅम नवी कोरी घ्यावी तर बाजारातून तिचा पुरवठा आटल्यामुळे ती उगाच महाग पडते. तेव्हा बरोबर येणाऱ्या भागांवर मोकळ्या हाताने खर्च करावा, न येणारे भाग वापरलेलेच घ्यावेत, आणि मदरबोर्ड गेला की थांबावे. ३२-बिट विंडोज चालवणाऱ्याला ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरताच येत नाही, हेही खरेदीआधी कोणी सांगत नाही. दुसरा आक्षेप विजेचा. जुना काचेचा मॉनिटर ७०-८० वॉट खायचा, एलसीडी साधारण २०-२५ वॉट. इथे बदल हवाच आणि तो दिवसभर चालणाऱ्या यंत्रात काही वर्षांत वसूल होतो. पण हाही एकच भाग आहे, अख्खा संगणक नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तुटपुंज्या पैशांत भागवण्याचे असे कौतुक करणे म्हणजे गरिबीचे कौतुक करणे, पाथर्डीच्या मुलाने पुण्याच्या मुलाने टाकलेले यंत्र का वापरावे, असा तो आहे. मी हा आक्षेप हलका मानत नाही. हातमागाच्या बाबतीतही धावत्या धोट्याने विणकराला काही दशके तगवले, श्रीमंत केले नाही. यंत्रमाग जिथे स्थिरावले तिथे धंदा गेला आणि नगरचा विणकाम-व्यवसाय आक्रसला. स्वस्त सुधारणा ही न्यायाची जागा घेऊ शकत नाही. तरीही पर्याय काय होता ते पाहिले पाहिजे. भिवंडी-मालेगावच्या कारखानदारांनी नव्या मागांची वाट पाहिली असती तर यंत्रमाग त्यांच्या हाती पोचलेच नसते. वापरलेल्या यंत्राने त्यांना आत पाऊल टाकू दिले. आज पुण्यातल्या कंपन्या तीन-चार वर्षांत भाडेकरार संपवून डेस्कटॉप काढून टाकतात, ते तपासून, एसएसडी बसवून तालुक्याच्या बाजारात येतात. त्यातून एखादी अभ्यासिका, एखादे दूध संकलन केंद्र, एखादे टायपिंगचे दुकान उभे राहत असेल तर ती सुरुवात नाकारण्याचा अधिकार नव्या यंत्राची ऐपत असलेल्यांना नाही. मुलाला नवे यंत्र मिळावे ही मागणी जरूर करावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत त्याच्यासमोरचे यंत्र बंद पडू देऊ नये.

आजवरच्या सर्व आक्षेपांहून वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो नवा आहे. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीच्या दुरुस्त्या थांबल्या, १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ च्या आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या. आधीच्या दोन वेळी थोडी रॅम वाढवून पुढच्या विंडोजवर जाता येत असे. या वेळी तसे नाही. विंडोज ११ ला ४ जीबी रॅमबरोबर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. २०१६ चा चांगला आय-५ डेस्कटॉप वेगाने पुरेसा असूनही यादीबाहेर राहतो. ज्या यंत्रावर पतसंस्थेचे ठेवीदार, आधारचे क्रमांक किंवा बँकेचे व्यवहार आहेत ते दुरुस्त्यांविना इंटरनेटवर ठेवू नये, हे मला निर्विवाद वाटते. अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे मिळतात. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्या कचेरीने तो मार्ग घेऊ नये. वाढीव दुरुस्त्या मर्यादित मुदतीपुरत्याच मिळतात, तोवर नियोजन करावे. पण ग्रंथालयातली सूची, शाळेतला टंकलेखनाचा सराव, इंटरनेटला न जोडलेला हिशोब, यांसाठी तेच यंत्र लिनक्सवर नीट चालते. सी-डॅकने २००७ मध्ये काढलेली बॉस ही प्रणाली भारतीय भाषांसाठीच तर आहे. आधीच्या दोन्ही वेळी यंत्राची ताकद अपुरी पडत होती आणि भाग घालून ती भरून निघत होती. आता यंत्र सक्षम असताना दूरवरचा निर्णय ते बाद ठरवतो आहे, आणि त्यावर घालता येईल असा भाग दुकानात नाही. त्याच वेळी बोर्डावरच डागलेली रॅम असणारे छोटे संगणक आणि लॅपटॉप वाढत आहेत. १९८१ ची खाच बुजत चालली आहे, ही माझी खरी चिंता आहे.

त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांकडे मेमरीचे उत्पादन वळले आणि किरकोळ बाजाराला झळ बसली. २०११ च्या थायलंडमधल्या पुराने हार्ड डिस्क अशाच महागल्या होत्या. अशा वेळी कपाटात पडलेल्या बंद यंत्रांतल्या पट्ट्यांना किंमत येते. दोन नादुरुस्त डेस्कटॉपमधून एक चालू यंत्र उभे करण्याचे काम आता पुन्हा परवडते. कायदाही याला प्रतिकूल नाही: १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम यंत्र दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणणाऱ्याला नोंदणीकृत घटक म्हणून मान्यता देतात. अडचण कार्यालयीन आहे. जिल्ह्यातल्या तेराशेहून अधिक ग्रामपंचायतींना संग्राम प्रकल्पाखाली २०११ पासून संगणक मिळाले, शाळांना आयसीटी योजनेतून आणि लोकवर्गणीतून मिळाले, आणि ते सगळे जडसंग्रह नोंदवहीत अखंड वस्तू म्हणून चढले. एका संगणकाची हार्ड डिस्क काढून दुसऱ्यात घातली तर नोंद कशी करायची, याची धास्ती मुख्याध्यापकाला आणि ग्रामसेवकाला वाटते. त्यापेक्षा दोन्ही संगणक बंद ठेवून निर्लेखनाची वाट पाहणे त्यांना सुरक्षित वाटते. जिल्हा परिषदेने या नोंदवहीत कॅबिनेटखाली रॅम, डिस्क, एसएमपीएस आणि मॉनिटर यांच्या वेगळ्या ओळी ठेवायला परवानगी द्यावी, भाग हलवल्याची साधी सही-शिक्क्याची नोंद चालवून घ्यावी, आणि नव्या खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत जुन्या यंत्रांची तपासणी एखाद्या स्थानिक दुरुस्तीवाल्याकडून करून घेऊन तिचा कागद जोडायला सांगावे. लोणी, संगमनेर आणि कोपरगावच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी ही तपासणी आपापल्या तालुक्यांत एका सत्रात पार पाडू शकतील.